मुलांना पॉप आर्ट शिकवताना छापील साचे नकोत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्ट्या जवळ आल्या की मुलांच्या छंदवर्गांच्या आणि शिबिरांच्या जाहिराती सुरू होतात आणि गेल्या काही वर्षांत त्यांमध्ये ‘कॉमिक पॉप आर्ट’, म्हणजे कॉमिकच्या चौकटीसारखी मोठी चित्रे काढणे, हे नाव वारंवार दिसू लागले आहे. ठाणे, ऐरोली, वाशी, नेरूळ येथील गृहसंकुलांच्या सभागृहांत, खासगी चित्रकला वर्गांत आणि काही शाळांतही हा प्रकार आता शिकवला जातो. मी शाळेत अनेक वर्षे चित्रकला शिकवली आहे आणि निवृत्तीनंतरही घराजवळच्या मुलांचा छोटासा वर्ग घेते, त्यामुळे या प्रकाराला मिळणाऱ्या पसंतीचा मला मनापासून आनंद आहे. मुलांना कॉमिक आवडते, ठसठशीत काळी रेघ आणि झगझगीत लाल-पिवळा रंग आवडतो, आणि ‘मला चित्र येत नाही’ म्हणून मागच्या बाकावर बसून राहणारा मुलगाही अशा चित्राला हात घालायला तयार होतो. मात्र हा प्रकार बहुतेक ठिकाणी ज्या रीतीने शिकवला जात आहे, ती रीत मला चिंतेची वाटते, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

यंदाच्या उन्हाळ्यात अशाच एका शिबिराच्या समारोपाचे प्रदर्शन पाहण्याचा योग आला. दोरीला चिमट्यांनी लावलेली चित्रे ओळीने पाहत गेले, तेव्हा प्रत्येक कागदावर तीच पिवळ्या केसांची, लाल ओठांची, डोळ्यांतून टपोरा अश्रू ओघळणारी परदेशी तरुणी होती आणि तिच्या डोक्याशेजारी इंग्रजी अक्षरांतला तोच एक स्फोट होता. बाह्यरेषांच्या छायाप्रती मुलांना वाटल्या होत्या, गालावरचे ठिपकेही त्या छायाप्रतीतच छापून आलेले होते, आणि मुलांकडे काम उरले होते ते फक्त रंग रेघेबाहेर जाऊ न देण्याचे. एका चित्रापाशी मी थांबले, कारण त्यातील केस शेवाळी हिरवट दिसत होते. चित्र काढणारी नऊ-दहा वर्षांची मुलगी तिथेच उभी होती. आईचे केस काळे म्हणून तिने आधी ते काळे रंगवले होते आणि नंतर नमुन्याप्रमाणे पिवळे करायला सांगितल्यावर त्यावर पिवळा रंग चढवला होता. पोस्टर कलरमध्ये काळ्यावर पिवळा बसत नाही, तो असाच गढूळ हिरवा होतो. शिकवणाऱ्या ताईंचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. मोजक्या तासांत प्रत्येक मुलाच्या हातात ‘घरी लावण्याजोगे’ चित्र द्यायचे, ही अपेक्षा पालकांचीच असते. पण त्या संपूर्ण प्रदर्शनात स्वतःच्या डोळ्यांनी पाहून आणि स्वतःच्या डोक्याने ठरवून कोणी काही केले असेल, तर ते त्या मुलीने केले होते, आणि तेवढेच नेमके पुसले गेले होते.

वास्तविक ही शैली साच्यातून शिकवावी अशी नाहीच, कारण तिचा जन्मच ‘चित्र छापले कसे जाते’ या प्रश्नातून झाला आहे. अमेरिकन चित्रकार रॉय लिक्टेनस्टाइन यांनी १९६१ साली मिकी माउस आणि डोनाल्ड डक या पात्रांचे एक मोठे चित्र रंगवले आणि त्यानंतर प्रेमकथांच्या व युद्धकथांच्या स्वस्त कॉमिकमधील एकेक चौकट उचलून ती भिंतभर मोठी करण्याचा सपाटा लावला. ते त्या वेळी न्यू जर्सीतील रटगर्स विद्यापीठात कला शिकवत होते, म्हणजे आपल्यासारखे शिक्षकच होते. त्यांचे १९६३ सालचे ‘व्हाम!’ हे दोन फलकांचे चित्र लंडनच्या टेट संग्रहालयात असून त्याची रुंदी चार मीटरच्या वर आहे. एका विमानाने दुसऱ्यावर अग्निबाण सोडल्याचा तो प्रसंग मूळ कॉमिकमध्ये तळहाताएवढ्या चौकटीत होता. तो चार मीटरचा झाला, की कागदावर सहसा नजरेस न येणारी गोष्ट समोर येते, आणि ती म्हणजे छपाईचा ठिपका.

लिक्टेनस्टाइन यांची कामाची पद्धत मी मुलांना नेहमी तपशिलाने सांगते, कारण तिच्यात नक्कल कुठे संपते ते दिसते. ते मूळ चौकटीवरून आधी एक लहान रेखाटन करीत आणि त्यातच अनेक गोष्टी बदलत किंवा गाळून टाकत. मग ते रेखाटन प्रक्षेपकाने कॅनव्हासवर मोठे पाडून पेन्सिलीने उतरवीत आणि तिथेही रेषा पुन्हा हलवीत. त्यानंतर ठिपके, त्यानंतर सपाट रंग आणि सर्वांत शेवटी जाड काळी रेघ. ठिपक्यांसाठी ते भोकांचा पत्रा वापरत आणि त्या भोकांतून दात घासायच्या ब्रशने रंग खाली उतरवत. या साऱ्या क्रमात तयार बाह्यरेषा कुठेही नाही. छायाप्रतीवर रंग भरणाऱ्या मुलाला यांपैकी एकही निर्णय घ्यावा लागत नाही.

ठिपक्यांविषयी थोडे अधिक लिहिते, कारण शिकवताना सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. या शैलीतल्या ठिपक्यांना ‘बेन-डे’ ठिपके म्हणतात. बेंजामिन डे या अमेरिकन मुद्रकाने १८७९ मध्ये ही पद्धत आणली. कागदाच्या पांढऱ्यावर लाल रंगाचे सारख्या आकाराचे, सारख्या अंतरावरचे ठिपके छापले, की लांबून तो भाग गुलाबी दिसतो. गुलाबी शाई वेगळी घ्यावी लागत नाही. निळे ठिपके विरळ छापले की फिकट आकाश मिळते, पिवळ्यावर निळे छापले की हिरवा मिळतो. चार शायांत अख्खे कॉमिक छापण्याची ही काटकसर होती. वर्तमानपत्रातील छायाचित्र मात्र वेगळ्या रीतीने बनते. तिथे ठिपक्यांचे अंतर सारखे असते आणि आकार बदलतो, गडद भागात मोठा आणि उजळ भागात बारीक. हा फरक शिक्षकाला ठाऊक नसेल, तर मूल चेहऱ्यावर कुठे मोठे, कुठे बारीक, कुठे दाट, कुठे विरळ ठिपके देत जाते, आणि मग चित्र ना छायाचित्रासारखे दिसते ना कॉमिकसारखे.

म्हणून माझ्या वर्गात पहिल्या दिवशी रंगाची बाटली उघडतच नाही. प्रत्येक मुलाने त्या दिवशीचे वर्तमानपत्र आणायचे आणि भिंगातून त्यातले एखादे रंगीत छायाचित्र पाहायचे. एखाद्या क्रिकेटपटूच्या गालावर भिंग धरले, की गाल नाहीसा होतो आणि सायन (हिरवट निळा), मजेंटा (गुलाबी-लाल), पिवळा व काळा असे चार रंगांचे कण एकमेकांत मिसळलेले दिसतात. कधी छपाईत रजिस्टर, म्हणजे चारही रंगांची एकमेकांवर नेमकी जुळणी, हललेले असते आणि खेळाडूच्या टोपीला एका बाजूने लालसर कड सुटलेली असते. ती कड मुलांना हमखास सापडते आणि तिचे कारण ऐकून रंग एकावर एक कसे छापले जातात हे त्यांना वेगळे न सांगता कळते. यानंतर भिंग बाजूला ठेवून तेच पान भिंतीला लावायचे आणि एकेक पाऊल मागे सरकत ठिपके कुठे दिसेनासे होतात ते प्रत्येकाने जमिनीवर खडूने खूण करून दाखवायचे. चष्मा असलेल्या आणि नसलेल्या मुलांच्या खुणा वेगवेगळ्या ठिकाणी पडतात आणि त्यावर बरीच चर्चा होते. पुढे स्वतःचे चित्र करताना किती मोठा ठिपका घ्यायचा हे मूल याच अनुभवावरून ठरवते.

आता साधनाविषयी. लिक्टेनस्टाइन यांच्या भोकांच्या पत्र्याचे वर्णन केले, की वर्गातील कोणी ना कोणी म्हणते, ‘हा तर आजीचा रांगोळीचा कागद!’ आणि ते शब्दशः खरे आहे. ठिपक्यांची रांगोळी काढण्यासाठी उदबत्तीने सारख्या अंतरावर भोके पाडलेला जाड कागद आपल्याकडे घरोघरी असायचा, अनेक घरांत अजूनही आहे. तो जमिनीवर ठेवून वरून रांगोळी पसरली आणि अलगद उचलला, की खाली ठिपक्यांचे घर तयार. न्यूयॉर्कच्या चित्रशाळेत रंगासाठी जे साधन वापरले गेले, त्याच तत्त्वाचे साधन आपल्या अंगणात पिठासाठी वापरले जात होते, आणि ते हाताळण्याचे कसब मुलांच्या आज्यांकडे आहे. रांगोळीत ‘मधले ठिपके’ घेताना पुढच्या ओळीचा ठिपका मागच्या दोन ठिपक्यांच्या मधोमध येतो. ठिपक्यांची हीच तिरपी मांडणी कॉमिकच्या छपाईतही दिसते. मी एका मुलाच्या आजींना वर्गात बोलावले होते. कागद हलू न देता उचलायचा कसा, हे त्यांनी मुलांना माझ्यापेक्षा कितीतरी चांगले शिकवले. एक कडा बोटाने दाबून धरायची आणि समोरची कडा सरळ वर उचलायची. आडवा ओढला की ठिपके फरफटतात. रंगाच्या बाबतीतही हाच नियम लागू पडतो.

कागद ओल्या रंगाने लगेच भिजतो, म्हणून रंगकामासाठी जुनी एक्स-रे फिल्म उत्तम. तिला चामड्याला भोके पाडायच्या पंचने मोठ्या माणसाने भोके पाडून द्यावीत, कारण हे काम मुलांचे नाही. रंग बाटलीतून काढल्यावर त्यात पाणी अजिबात घालू नये, पातळ रंग फिल्मखाली पसरतो. ब्रशपेक्षा स्पंजचा तुकडा बरा; तो रंगात टेकवून आधी रद्दी कागदावर थोपटायचा आणि मग फिल्मवरून हलक्या हाताने थोपटत जायचे. फिल्म पुढे सरकवताना आधीच्या ठिपक्यांची शेवटची ओळ फिल्मच्या पहिल्या ओळीशी जुळवायची, ही यातली खरी अवघड जागा आहे, आणि इथे मुलांना घाई करू दिली तर पूर्ण गाल वाकडा होतो. एवढ्याशा कामाला शाळेच्या दोन तासिका सहज लागतात. शिबिरवाले इथेच मुलांच्या हाती छापील ठिपके देऊन मोकळे होतात. मला मात्र या कामात गेलेला वेळ सर्वांत मोलाचा वाटतो. सहा-सात वर्षांच्या मुलांना ही जुळवाजुळव झेपत नाही, त्यांना खोडरबर लावलेल्या पेन्सिलीचे मागचे टोक रंगात बुडवून ठसे उमटवू द्यावेत. दहा वर्षांपुढील मुले फिल्म व्यवस्थित सांभाळतात.

काळी रेघ सर्वांत शेवटी, रंग पूर्ण वाळल्यावर, आणि शक्यतो गोल ब्रशने. स्केचपेनची रेघ सगळीकडे सारख्या जाडीची येते आणि ओलसर रंगावर फुटते. कॉमिकमधील रेघ हनुवटीखाली जाड आणि नाकाच्या शेंड्याला बारीक असते. ब्रशवर थोडा भार देत आणि काढत ती साधते. यासाठी आधी एक कागदभर नुसत्या रेघा ओढून घ्याव्या लागतात आणि मुले त्याला कंटाळतात हे मान्य आहे, पण त्याला पर्याय मला माहीत नाही.

अंगाच्या रंगाचा प्रश्न या चित्रांत फार लवकर उपस्थित होतो आणि तो टाळू नये असे माझे मत आहे. जुन्या अमेरिकन कॉमिकमध्ये माणसाचे अंग म्हणजे पांढऱ्यावर लाल ठिपके, असा ठरीव प्रकार होता, कारण ती माणसे गोरी होती. आपल्या मुलांनी स्वतःचा, भावाचा, आईचा चेहरा काढला आणि त्यावर तेच ठिपके दिले, की चेहरा त्यांचा राहत नाही. मग मूल खडूच्या पेटीतील तो फिकट गुलाबी-नारिंगी खडू शोधते, ज्याला सगळी मुले ‘अंगाचा रंग’ म्हणतात. त्याऐवजी आधी हात पाहायला सांगावा. विटकरी, गेरू, पिवळट तपकिरी यांपैकी एक रंग जमिनीला, म्हणजे ठिपक्यांखालच्या भागाला, सपाट द्यावा आणि त्यावर त्याच जातीचे गडद ठिपके घ्यावेत. पिवळ्या जमिनीवर विटकरी ठिपके दिले, तर लांबून मिळणारा सावळा उजळ रंग फार सुंदर दिसतो आणि तो प्रत्येक मुलाचा थोडा वेगळा येतो. एकाच वर्गातील वीस चेहरे वीस रंगांचे झाले, की भिंत जी दिसते, ती कोणत्याही साच्यातून मिळणार नाही.

विषयाच्या बाबतीतही हेच आहे. कॉमिकच्या चौकटीत नेमका एक क्षण पकडलेला असतो, आणि असे क्षण ठाणे-नवी मुंबईतल्या मुलांच्या रोजच्या पाहण्यात शेकड्याने आहेत. ठाण्यातील दहीहंडी फुटते तो क्षण घ्या: वरच्या गोविंदाचा हात, खापराचे उडालेले तुकडे आणि दह्याचा पांढरा फवारा. ठाणे-वाशी लोकलच्या दारात उभ्या माणसाचा वाऱ्याने फुगलेला शर्ट आहे, ऐरोलीच्या पुलावर पावसात उलटी झालेली छत्री आहे, स्वयंपाकघरात पडलेले स्टीलचे पातेले आहे. आमच्या ऐरोलीत तर रोहित पक्षी आहेत. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, आणि हिवाळ्यापासून उन्हाळा संपेपर्यंत खाडीच्या चिखलात हे पक्षी मुलांना सहज पाहायला मिळतात. लाल रंगाचे विरळ ठिपके पांढऱ्यावर दिले की गुलाबी दिसते, हे तत्त्व समजावण्यासाठी रोहिताच्या पंखाइतका चांगला विषय मला सापडलेला नाही. पंखाच्या कडेला ठिपके दाट घेतले की तिथली लाली आपोआप येते, आणि काळी रेघ तर त्याच्या चोचीच्या टोकाला निसर्गानेच दिलेली आहे.

क्षण निवडल्यावर तो कुठे कापायचा हे शिकवावे लागते. पुठ्ठ्याचे दोन काटकोनी तुकडे एकमेकांवर ठेवून त्यांची लहान-मोठी होणारी खिडकी करावी आणि मुलांनी ती आपल्या कच्च्या रेखाटनावर फिरवावी. बहुतेक मुले सुरुवातीला अख्खी दहीहंडी, सगळे थर, खालची गर्दी आणि वरचे आकाश असे सगळे एका कागदावर मांडतात. खिडकी फिरवता फिरवता एखाद्या मुलाला जाणवते, की नुसता वर गेलेला हात आणि फुटणारे मडके एवढेच घेतले तरी बाकीचे पाहणाऱ्याला कळते. हे जाणवल्याचा आनंद मुलाच्या चेहऱ्यावर दिसतो. तो छायाप्रतीतून मिळत नाही, कारण तिथे खिडकी दुसऱ्याच कोणी आधीच फिरवलेली असते.

चित्रातील आवाजाची अक्षरे देवनागरीत काढावीत, असा माझा आग्रह आहे आणि तो केवळ अभिमानापोटी नाही. देवनागरी अक्षराला शिरोरेषा असते, आणि स्फोटाच्या अक्षरांत ती शिरोरेषा तडकलेली, वाकलेली, एका बाजूला उचकटलेली दाखवता येते. रोमन अक्षरांत ही सोय नाही. ‘धडाम’ लिहिताना ‘म’ खाली घसरलेला, ‘खळ्ळ’ लिहिताना शिरोरेषेचे तुकडे झालेले, आणि ‘सुंईऽऽऽ’ लिहिताना लांबवलेल्या स्वराची चिन्हे एकापुढे एक लहान होत गेलेली, असे अनेक प्रकार मुले स्वतः शोधून काढतात. अक्षर आधी जाड पट्टीत बांधावे, मग बाहेरून रेघ घ्यावी आणि एकाच बाजूला सावली द्यावी. सावलीची बाजू मध्येच बदलू नये, एवढे एक पथ्य पाळले तरी अक्षर उठून दिसते. अक्षरामागचा चांदणीसारखा स्फोट काढताना मुले सगळी टोके सारखी करतात. ती लांब-आखूड असली तरच त्यात जोर येतो.

पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो, की याचा परीक्षेला उपयोग काय. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट रेखाकला परीक्षांत स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि अक्षरलेखन हे भाग आहेतच. पाहिलेला क्षण आठवून काढणे, मर्यादित रंगांत आकृती बसवणे आणि अक्षर बांधणे या तिन्ही गोष्टी वर सांगितलेल्या कामात होतात, तर छायाप्रतीत रंग भरण्यात त्यांतले काहीच होत नाही. यापेक्षा अधिक मी या प्रश्नावर लिहीत नाही.

श्रेयाच्या प्रश्नावर मात्र लिहायला हवे. ‘व्हाम!’ ज्या चौकटीवरून आले, ती १९६२ च्या एका युद्धकथेच्या कॉमिकमध्ये आर्व्ह नॉविक यांनी काढली होती. बुडणाऱ्या तरुणीचे लिक्टेनस्टाइन यांचे प्रसिद्ध चित्र, ज्याच्यासारख्या रडणाऱ्या तरुणी आज शिबिराशिबिरांतून रंगवल्या जातात, ते टोनी अब्रुझो यांच्या चौकटीवरून केलेले आहे. संग्रहालयाच्या भिंतीवर लिक्टेनस्टाइन यांचे नाव लागले. कॉमिकच्या पानांवर मजुरीच्या दराने काम करणारे हे चित्रकार कित्येक वर्षे बहुतेकांना ठाऊकही नव्हते. लिक्टेनस्टाइन यांनी बरेच बदल केले हे खरे आहे आणि त्यांच्या कामाची थोरवी मी नाकारत नाही, पण ही कथा मुलांना सांगितलीच पाहिजे. ती ऐकल्यावर मुले आपल्या चित्राच्या मागे ‘अमुक चित्रावरून’ असे आपणहून लिहू लागतात. आपल्याकडेही परिस्थिती फार वेगळी नाही. १९६७ पासून अनंत पै यांच्या संपादनाखाली निघालेल्या चित्रकथा आपण सर्वांनी वाचल्या, पण त्यांतली चित्रे काढणारे राम वाईरकर आणि प्रताप मुळीक ही नावे किती पालकांना सांगता येतील? गणिताच्या शालेय पुस्तकांत शि. द. फडणीस यांनी काढलेली हसरी चित्रे पाहत एक पिढी मोठी झाली. १९९१ मध्ये सुरू झालेला चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू तर रोज सकाळी घरात येत असे. शुद्ध, नेमकी रेघ कशी असते हे दाखवायला शिक्षकाने परदेशात जाण्याची गरज नाही. मुलांनी या रेघा पाहाव्यात, त्यांचा सराव करावा, सरावाला सराव म्हणावे आणि मग स्वतःची चौकट स्वतः काढावी.

पॉप आर्ट म्हणजे केवळ कॉमिक नव्हे, हेही जाता जाता सांगायला हवे. ब्रिटनमध्ये रिचर्ड हॅमिल्टन यांनी १९५६ मध्ये मासिकांतील जाहिरातींचे तुकडे जोडून चित्र केले, अँडी वॉरहॉल यांनी १९६२ मध्ये सुपाच्या डब्यांची बत्तीस चित्रे मांडली, आणि आपल्याकडे मुंबईत जन्मलेल्या व पुढे बडोद्यात काम केलेल्या भूपेन खख्खर यांनी बाजारात मिळणारी देवादिकांची छापील चित्रे आपल्या चित्रांत चिकटवली. एखाद्या मुलाला कॉमिक आवडत नसेल, तर त्याने बिस्किटाचा पुडा किंवा काडेपेटीवरचे चित्र मोठे करून रंगवायला हरकत नाही. पद्धत तीच राहते.

शिबिर घेणाऱ्या ताई-दादांना माझी विनंती एवढीच, की छायाप्रती वाटणे बंद करावे आणि तीन दिवसांत एकच चित्र झाले तरी ते मुलाचे स्वतःचे होऊ द्यावे. चित्र थोडे ओबडधोबड होईल, एखाद्याचे ठिपके फरफटतील, काहींचे अर्धवट राहील. पालकांनीही समारोपाच्या दिवशी ‘शेजारच्याचे किती सुबक झाले’ असे म्हणण्याआधी आपल्या मुलाला त्या चौकटीविषयी दोन प्रश्न विचारावेत. शाळांना आणि महापालिकांना प्रदर्शनासाठी जागांची कमतरता नाही. ठाण्यात कलाभवन आहे, वाशीत विष्णुदास भावे नाट्यगृह आहे. अशा ठिकाणी मुलांची चित्रे लावताना शेजारी त्यांची कच्ची रेखाटनेही लावावीत, म्हणजे पाहणाऱ्यांना काम कसे घडले ते समजेल.

आपल्या दैनिकालाही एक विनंती आहे. महापे-रबाळे परिसरात वृत्तपत्रांचे छापखाने आहेत. यंत्रे दिवसा बंद असताना आसपासच्या शाळांतील मुलांना वर्षातून एखादा दिवस आपला छापखाना पाहू द्यावा आणि एका रंगीत पानाच्या चारही प्लेट (प्रत्येक रंगाच्या छपाईचा पत्रा) त्यांना शेजारी शेजारी मांडून दाखवाव्यात. लाल रंगाची प्लेट प्रत्यक्षात लाल नसते, हे पाहिल्यावर मुलांना जे कळेल, ते मी फळ्यावर कितीही वेळ समजावले तरी कळणार नाही. तसेच यंत्र सुरू होताना पहिल्या काही प्रतींत रजिस्टर जुळलेले नसते आणि त्या बाजूला काढल्या जातात. रंग सुटे सुटे झालेल्या या प्रती रद्दीत जाण्याऐवजी एकेक गठ्ठा शाळांच्या कलाशिक्षकांना दिला, तर आमचे मोठे काम होईल. आपण वार आणि वेळ कळवल्यास तो गठ्ठा नेण्याची व्यवस्था आम्ही करू.

आपली विश्वासू,
एक निवृत्त कलाशिक्षिका
ऐरोली, नवी मुंबई